कारखान्याच्या गरजेतून जन्मलेला डेटाबेस

चार्ल्स बॅकमन यांच्याकडे ना पीएच.डी. होती, ना संगणकशास्त्राची पदवी. ते मेकॅनिकल इंजिनिअर. तरीही १९७३ साली संगणकक्षेत्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला. डॉक्टरेट नसलेले ते पहिलेच मानकरी.

त्यांचा जन्म १९२४चा, अमेरिकेतल्या कॅन्ससमधला. दुसऱ्या महायुद्धात ते पॅसिफिकच्या आघाडीवर विमानवेधी तोफखान्यात होते. ९० मिलिमीटरच्या तोफांचा नेम धरण्यासाठी आकडेमोड करणारी यंत्रं त्यांनी तिथेच पहिल्यांदा हाताळली. पुढे शिक्षण पुरं करून १९५० मध्ये ते डाऊ केमिकलमध्ये लागले आणि १९६० मध्ये जनरल इलेक्ट्रिकमध्ये आले.

त्या काळी माहिती असायची पंच कार्डांच्या गठ्ठ्यांत, नाहीतर चुंबकीय टेपवर. टेप पहिल्यापासून ओळीने वाचावी लागे. हजारो ग्राहकांपैकी एकाचा पत्ता बदलायचा असला, तरी अख्खी टेप फिरवून दुरुस्तीसह नवी टेप लिहायची. म्हणून फेरफार साठवून ठेवत आणि एकदम उरकत. महिन्याच्या पगारपत्रकाला हे चालून जाई. कारखान्याचं मात्र अडायचं. ऑर्डर आली की कुठले भाग लागतील, गोदामात किती शिल्लक आहेत, किती नव्याने करायचे, याची उत्तरं लगेच हवी असत.

डिस्क नुकतीच आली होती आणि तिच्यावर हव्या त्या जागी थेट जाता येत होतं. तिचा फायदा घेत बॅकमन यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘इंटिग्रेटेड डेटा स्टोअर’ म्हणजे आयडीएस हे डेटाबेसचं सॉफ्टवेअर उभं केलं. त्यात प्रत्येक नोंदीत पुढच्या नोंदीचा डिस्कवरचा पत्ता असे. समजा, एका मोटरीत एक स्क्रू लागतो. मोटरीची नोंद वेगळी, स्क्रूची वेगळी आणि दोन्हींच्या मध्ये एक छोटी नोंद: ‘या मोटरीत हा स्क्रू, इतके नग’. ही मधली नोंद दोन साखळ्यांत ओवलेली. मोटरीच्या साखळीने निघालं की तिचे सगळे भाग सापडत. स्क्रूच्या साखळीने निघालं की तो कुठे कुठे लागतो ते कळे. हे नातं कागदावर मांडायला बॅकमन चौकोन आणि बाण काढत. ‘बॅकमन आकृती’ म्हणून ती पद्धत पुढे रूढ झाली.

पुरस्काराच्या भाषणात त्यांनी कोपर्निकसचा दाखला दिला. आजवर संगणक मध्यभागी होता आणि माहिती त्याच्यापुढून सरकत होती. आता माहिती मध्यभागी येईल आणि तिच्यातून वाट काढणारा प्रोग्रामर नाविक ठरेल, असं त्यांचं म्हणणं.

ही वाट काढण्याची जबाबदारीच आयबीएममधल्या एडगर कॉड यांना खटकत होती. गणिताच्या अंगाने विचार करणाऱ्या कॉड यांनी १९७०च्या निबंधात माहिती साध्या तक्त्यांत मांडायचा प्रस्ताव ठेवला होता. काय हवं ते माणसाने सांगावं, ते कुठून आणि कसं आणायचं ते यंत्राने बघावं. १९७४ मध्ये मिशिगनमधल्या ॲन आर्बरला दोन्ही पक्ष आमनेसामने आले. साखळीवाल्यांची बाजू तेव्हा लंगडी नव्हती: त्यांच्या प्रणाली प्रत्यक्ष धंद्यात राबत होत्या, तर तक्त्यांना वेग कुठून मिळणार हे अजून सिद्ध व्हायचं होतं. पुढच्या दशकात यंत्रं वेगवान झाली, तक्त्यांतून माहिती मागायची एसक्यूएल ही भाषा रुळली आणि पारडं फिरलं. १९८१ मध्ये कॉड यांनाही ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

आयडीएसचा वंश मात्र बुडाला नाही. बी. एफ. गुडरिच या टायर कंपनीने ते आयबीएमच्या यंत्रांवर आणलं आणि त्यातून आयडीएमएस झालं. ते विकणाऱ्या कलिनेन कंपनीत १९८१ मध्ये खुद्द बॅकमन दाखल झाले. दोन वर्षांनी त्यांनी स्वतःची कंपनी काढली. २०१७ मध्ये, ९२व्या वर्षी ते गेले. कलिनेननंतर मालक बदलत बदलत आयडीएमएस आता ब्रॉडकॉमकडे आहे आणि मेनफ्रेम या मोठ्या संगणकांवर काम करणाऱ्या जुन्या ग्राहकांसाठी ते अजूनही चालू आहे.