डीझेल यंत्राचें पहिलें सागरी जहाज कोणतें ?

डेन्मार्कचें ‘सेलांडिआ’ हें डीझेल यंत्रावर चालणारें जगांतील पहिलें जहाज होय, असें विधान पुष्कळ ठिकाणीं निःशंकपणें केलेलें आढळतें. कालानुक्रम पाहतां तें टिकत नाहीं. व्होल्गा नदींत नोबेल बंधूंचें ‘वांडाल’ १९०३ सालींच चालूं झालें होतें, आणि डच बनावटीचें ‘व्हल्कॅनस’ १९१० सालीं समुद्रावर गेलें. मग कोपनहेगन येथें बुर्माइस्टर आणि वाइन यांच्या कारखान्यांत बांधलेल्या, व १९१२ च्या फेब्रुवारींत बँकॉककडे निघालेल्या या जहाजास अग्रपूजेचा मान कां मिळाला ?

याचें उत्तर यंत्राच्या स्वभावांत आहे. वाफेचें यंत्र सहज उलट फिरतें; प्रारंभींचें डीझेल यंत्र मात्र एकमार्गी होतें. म्हणून ‘वांडाल’मध्यें यंत्रानें वीज उत्पन्न करून पंखे विजेनें फिरवीत. ही युक्ति चांगली, पण द्राविडी प्राणायामाची. पुढें यंत्रच उलट फिरविण्याची सोय झाली. तरी तें चालूं करण्यास दाबून सांठविलेली हवा लागे. बंदरांत शिरतांना पुढें-मागें करण्याचे हुकूम वारंवार सुटले कीं हा सांठा झपाट्यानें खालावे, आणि तो संपल्यास एवढें मोठें जहाज जागींच निरुपाय होई ! शिवाय त्या काळीं तेल देखील सुमारें ६० ते ७० वातावरणांच्या दाबाच्या हवेनेंच सिलिंडरांत फुंकावें लागे. हवा दाबणारा पंप बिघडला कीं धडधाकट यंत्रहि बंद पडे. आगवाले व कोळसा यांची यातायात गेली, पण सारा भार या पंपावर आला.

‘व्हल्कॅनस’चें यंत्र पांचशें अश्वशक्तीच्या आंतबाहेरचें होतें, ‘सेलांडिआ’वर प्रत्येकीं १२५० अश्वशक्तीचीं दोन होतीं. धुरांडें नव्हतेंच, धूर डोलकाठीच्या पोकळींतून जाई. लंडन येथें चर्चिल यांनीं तें पाहिलें. बँकॉकची खेप करून तें जूनमध्यें परतलें, तेव्हां शंकेखोरांचीं तोंडें बंद झालीं. तेव्हां ‘पहिलें’ याऐवजीं ‘दूरच्या व्यापारांत विश्वासास उतरलेलें पहिलें मोठें जहाज’ असें म्हणणें आमच्या मतें सयुक्तिक होय.

संग्राहकांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. १९३६ सालीं विक्रीनंतर हेंच जहाज ‘नॉर्समन’ व पुढें ‘टॉर्नाटोर’ झालें, आणि १९४२ च्या जानेवारींत जपानच्या किनाऱ्यावर नाश पावलें. या तीन नांवांचे कागद एकाच जहाजाचे समजावे.