औद्योगिक नियंत्रण फाइलींचे संरक्षण

वीज, पाणी, तेलशुद्धीकरण अशा उद्योगांतील यंत्रे ज्या फाइलींवर चालतात, त्यांत कोणी घातपाती फेरफार करू नये आणि केलाच तर तो लपू नये, यासाठीची व्यवस्था. पीएलसीतील (यंत्रे चालवणाऱ्या नियंत्रकातील) लॅडर प्रोग्राम, फर्मवेअर, रिलेची सेटिंग व स्काडा या देखरेख-प्रणालीचा डेटाबेस या फाइली तिच्या कक्षेत येतात.

यांतील रिलेच्या सेटिंगकडे सर्वांत कमी लक्ष जाते. उपकेंद्रातील रिलेचा विलंब काही मिलिसेकंदांनी वाढवला, तर पडद्यावर काहीच वेगळे दिसत नाही; वाहिनीवर दोष येईपर्यंत बदल कळत नाही, आणि तेव्हा ब्रेकर उशिरा उघडतो. म्हणून उपकरण कार्यान्वित करताना मंजूर फाइलीचा हॅश (मजकुरावरून काढलेला अंकीय ठसा) काढून मूळ प्रत नेटवर्कबाहेर ठेवावी आणि प्रत्येक देखभालीनंतर रिलेतून वाचलेली फाइल तिच्याशी ताडून पाहावी. एक आकडा बदलला तरी हॅश पूर्ण बदलतो.

ही तुलना वेगळ्या, विश्वासार्ह संगणकावरच व्हायला हवी. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या मालवेअरने सीमेन्सच्या ‘स्टेप ७’मधील पीएलसीशी संवाद साधणारी फाइल बदलली होती; त्यामुळे अभियंत्याने प्रोग्राम वाचला, तरी घुसवलेले ब्लॉक त्याला दिसत नसत. स्टक्सनेटच्या ड्रायव्हरवर रिअलटेक आणि जेमायक्रॉन या कंपन्यांच्या चोरलेल्या प्रमाणपत्रांची सही होती. सौदी अरेबियातील २०१७ च्या ट्रायटन हल्ल्यात सुरक्षा-नियंत्रकाची किल्ली ‘प्रोग्राम’ स्थितीत राहिली होती. ती ‘रन’वर ठेवणे हा बिनखर्चाचा उपाय आहे.

मुंबई : १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा परिसरातील ४०० केव्ही पारेषणातील बिघाडांनंतर मुंबई, ठाणे व नवी मुंबईच्या मोठ्या भागाची वीज गेली, लोकल थांबल्या. पश्चिम उपनगरांत वीजवितरण करणाऱ्या अदानी इलेक्ट्रिसिटीने डहाणू केंद्रातून ३८५ मेगावॉट वीज अत्यावश्यक सेवांना दिल्याचे त्या दिवशी जाहीर केले. कारणाबाबत मतभेद आहेत. रेकॉर्डेड फ्यूचर या कंपनीने फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतीय वीजक्षेत्रातील घुसखोरीचा अहवाल दिला, पण या घटनेशी संबंध सिद्ध झाला नसल्याचेही त्यात नमूद केले. मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्राचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी राज्याच्या सायबर विभागाच्या अहवालाच्या आधारे १४ ट्रोजन व ८ जीबी बेहिशेबी डेटाची शक्यता मांडली. तत्कालीन केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मात्र मानवी चूक हे कारण सांगितले. सर्व्हरवर मालवेअर आढळले म्हणजे नियंत्रण फाइली बदलल्या असे ठरत नाही. त्यासाठी त्या वेळच्या फाइली मूळ प्रतींशी ताडाव्या लागतात. अशा वादात हाच पुरावा निर्णायक मानावा.

कायदा : माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ७० (संरक्षित प्रणाली), केंद्रीय विद्युत प्राधिकरणाची वीजक्षेत्रासाठीची मार्गदर्शक तत्त्वे, २०२१.

बंदरे : जून २०१७ मध्ये नोटपेट्या या मालवेअरमुळे न्हावा-शेवा येथील एका टर्मिनलचे काम विस्कळीत झाले.