पडीचे मांस आणि अहिंसेचा हिशेब

मांसाहाराच्या नीतीची चर्चा आपल्याकडे खाणाऱ्याच्या ताटापासून सुरू होते. ताटात ते आले कसे, हे कोणी विचारीत नाही. गावगाड्यात ढोर पाळी कुणबी, त्याचे दूध आणि कष्ट घेई गाव, अन् ते मेले की ओढून नेई महार. त्याने ते मारलेले नसे. हिंसा हाच निकष असता तर पडीचे मांस खाणारा सर्वांत निर्दोष ठरला असता. अस्पृश्य ठरला तो तोच!

बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये हीच गाठ उकलली. गोवध निषिद्ध झाला, पण मेलेली गाय खाण्यात वध नव्हता. म्हणून ते खाणे चालू राहिले, आणि तेच अस्पृश्यतेचे एक मूळ झाले, असे त्यांचे प्रतिपादन. त्याआधी मार्च १९२७ मध्ये महाडला त्यांनी मृतमांस सोडायला सांगितले, ते जनावराच्या दयेपोटी नव्हे, माणसाच्या स्वाभिमानापोटी.

आमच्या वस्तीने १९५६ नंतर चान्या वाळवणे थांबवले. आजी तेव्हा लहान होती. त्यानंतरचा पहिला पावसाळा अर्धपोटी गेला, असे ती सांगे. (अहिंसेवरच्या व्याख्यानांत हा पावसाळा मला कधी भेटला नाही.)

जुलै २०१६ मध्ये गुजरातेतील ऊना येथे मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना गाडीला बांधून मारले गेले. काही दिवसांतच सुरेंद्रनगरला कलेक्टर कचेरीसमोर मेलेली ढोरे आणून टाकण्यात आली. पिढ्यान्पिढ्या ती ओढणाऱ्यांनीच ती आणली होती, आणि आता परत ओढून न्यायला ते तयार नव्हते.