‘कुंकू’ ते ‘पाणी’ : चित्रपटांच्या नावांचा एक मराठवाडी मागोवा

चित्रपट ही डोळ्यांनी पाहावयाची वस्तू खरी. परंतु पूर्वी तो प्रथम कानांवर पडत असे. तालुक्याच्या गावी नवा खेळ लागला की टांग्याच्या दोन्ही अंगांना रंगीत फलक बांधले जात आणि कर्ण्यातून नाव पुकारीत तो टांगा बाजारपेठेतून हिंडे. ज्यांना अक्षरओळख नव्हती, ज्यांच्या खिशात तिकिटापुरते पैसे नव्हते, त्यांनाही ते नाव फुकट मिळे. कित्येकांच्या वाट्याला चित्रपट आला तो तेवढाच.

नांदेड-लातूरच्या मुलखात या नावांची परीक्षा जरा अधिक कडक होती. देगलूर, बिलोली, धर्माबाद, किनवट या भागांत मराठीला तेलुगूचा शेजार. उदगीर आणि निलंग्याकडे कन्नडचा. नांदेड शहरात सचखंड गुरुद्वारामुळे पंजाबीचा. शिवाय १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्याने शाळा, कचेरी आणि न्यायालय यांची भाषा उर्दू. अशा ठिकाणी एखादे नाव लोकांच्या तोंडी रुळायचे तर ते दोन-तीन भाषांच्या उंबरठ्यांवरून न अडखळता पलीकडे जावे लागे. जुन्या हिंदी चित्रपटांची नावे पडद्यावर रोमन, देवनागरी आणि उर्दू अशा तीन लिप्यांत उमटत. मराठवाड्यातील जुन्या पिढीला त्यांतील दोन तरी सहज वाचता येत. ‘मुगल-ए-आझम’ (१९६०) या नावातील मधला ‘ए’ पुण्याच्या प्रेक्षकाला शोभेचा वाटला असेल. निजामी अमदानीत दफ्तर सांभाळलेल्या नांदेडच्या कारकुनाला तो रोजच्या कामातला होता. ‘चौदहवीं का चाँद’ (१९६०) किंवा ‘पाकिजा’ (१९७२) ही नावेही येथे परकी वाटण्याचे कारण नव्हते.

मराठी नावांचा इतिहास मात्र पुराणापासून सुरू होतो. आणि त्या पुराणामागे, आम्हां ख्रिस्ती वाचकांना विशेष वाटावे असे, एक शुभवर्तमान उभे आहे. १९१०-११ च्या सुमारास दादासाहेब फाळके यांनी मुंबईत प्रभू येशूच्या जीवनावरील एक विदेशी मूकपट पाहिला. तो पाहत असताना आपल्या मनश्चक्षूंपुढे राम-कृष्ण येत होते, असे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. ‘मोहिनी भस्मासुर’, ‘लंकादहन’, ‘कालियामर्दन’ ही फाळक्यांची पुढची नावे एखाद्या कीर्तनकाराने आख्यान लावावे तशी आहेत. प्रेक्षकाला कथा आधीच ठाऊक आहे, हे त्यांत गृहीत धरलेले असते. हे गृहीतक प्रथम ठळकपणे मोडले ते बाबूराव पेंटरांनी, १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये. आख्यानाऐवजी कर्जदार कुणब्याचे जिणे पाटीवर आले.

नावाचे सामर्थ्य सरकारलाही कळत होते. ‘प्रभात’ने १९३५ साली एकनाथांवर चित्रपट काढला. एकनाथ पैठणचे, म्हणजे आमच्याच मराठवाड्याचे; आणि अस्पृश्य मानलेल्यांना जवळ करणारे. चित्रपटाचे नाव होते ‘महात्मा’. हा शब्द तोवर गांधीजींना चिकटलेला होता. परिनिरीक्षकांनी हरकत घेतली आणि ‘महात्मा’चा ‘धर्मात्मा’ झाला. चित्रपटाच्या पाटीवरील एका शब्दाला राज्यकर्ते भ्यावेत, ही गोष्ट मला तरी नावाच्या थोरवीचा उत्तम पुरावा वाटते.

परंतु मराठीतील सर्वांत सुंदर चित्रपटनाव कोणते, असे कुणी विचारले तर मी क्षणाचाही विचार न करता ‘कुंकू’ (१९३७) हे नाव सांगेन. मूळ कादंबरी ना. ह. आपटे यांची, तिचे नाव ‘न पटणारी गोष्ट’. फसवून एका वृद्ध विधुराशी लग्न लावून दिलेली नीरा ते लग्न मानायला नकार देते, ही ती गोष्ट. कादंबरीच्या नावात लेखकाचे मत आहे. व्ही. शांताराम यांनी याच कथेची हिंदी आवृत्ती केली तिचे नाव ‘दुनिया न माने’. तेथे जगाचे मत आले. मराठी नावात मात्र कोणाचेच मत नाही. चिमूटभर लाल रंगाची एक वस्तू आहे, आणि ती नीरेच्या कपाळी का असावी हा प्रश्न प्रेक्षकाने स्वतःच्या घरी नेऊन सोडवायचा आहे. दोन अक्षरी, दोन्ही उकारान्त असा हा शब्द बाईच्या तोंडी दिवसातून दहा वेळा येणारा. तो ऐकण्यासाठी शिकलेले असण्याची गरज नव्हती. एकाच कथेची ही तीन नावे शेजारी-शेजारी ठेवून पाहिली की नाव ठेवणे हे लेखनाइतकेच अवघड काम आहे हे पटते. पुढे शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरून जब्बार पटेल यांनी केलेल्या चित्रपटाला ‘उंबरठा’ (१९८२) असे नाव मिळाले, तेव्हा असाच एक घरगुती शब्द अर्थाने भरून आला. त्याच्या हिंदी आवृत्तीचे ‘सुबह’ हे नाव मला फिके वाटते.

शांतारामबापूंच्याच ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या नावात तर निव्वळ हिशेब आहे. सहा कैद्यांचे बारा हात आणि त्यांच्यावर विश्वास टाकणाऱ्या एका तुरुंगाधिकाऱ्याचे दोन डोळे. औंध संस्थानातील स्वतंत्रपूर येथील खुल्या तुरुंगाच्या प्रयोगावर ग. दि. माडगूळकरांनी ती कथा रचली होती. १९५८ च्या बर्लिन महोत्सवात या चित्रपटाला परीक्षकांच्या रौप्य अस्वलाबरोबरच आंतरराष्ट्रीय कॅथलिक चित्रपट संस्थेचाही पुरस्कार मिळाला, हे आपल्यापैकी थोड्यांनाच माहीत असेल.

आता ज्या नावाविषयी आपल्या समाजात मतभेद ऐकू येतात, त्याकडे वळतो. १९७८ साली, नांदेडच्या सीमेपलीकडील तेलुगू भाषेत, ए. भीमसिंग दिग्दर्शित ‘करुणामयुडू’ हा येशूच्या जीवनावरील चित्रपट निघाला. विजयचंदर यांनी ख्रिस्ताची भूमिका केली होती. तो हिंदीत आला ‘दयासागर’ या नावाने, आणि या वेषात भारतभर खेडोपाडी, देवळापुढच्या पारावर आणि शाळेच्या पटांगणात, कापडी पडद्यावर दाखविला गेला. दोन्ही नावांत ‘येशू’ नाही, ‘ख्रिस्त’ नाही. काहींना हा संकोच वाटतो. आपल्या प्रभूचे नाव पाटीवर घालायला भ्यायचे कशाला, असा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न प्रामाणिक आहे. मला मात्र येथे संकोच दिसत नाही. करुणामय, दयासागर ही या भूमीतील भक्तांनी देवाला घातलेली हाक आहे. जी हाक लोकांच्या ओठी आधीच होती, तीत प्रभूला बसविले, एवढेच झाले. फादर थॉमस स्टीफन्स यांचा १६१६ साली छापला गेलेला मराठी ग्रंथ आपण ‘ख्रिस्तपुराण’ म्हणूनच ओळखतो आणि त्या ‘पुराण’ शब्दाने कोणाचा विश्वास डळमळल्याचे ऐकिवात नाही. शिवाय तेलुगू नावाचे हिंदीत शब्दशः भाषांतर केले नाही, हेही लक्षात घ्यावे. ‘करुणामय’ हे विशेषण होते. ‘दयासागर’ हे चित्र आहे. समुद्र कधीही न पाहिलेल्या कोरडवाहू शेतकऱ्यापुढे ते उभे राहिले, म्हणजे त्याने किती मागितले असेल!

दादा कोंडके यांनी ‘एकटा जीव सदाशिव’ (१९७२), ‘आंधळा मारतो डोळा’ (१९७३) अशी म्हणींतून उचललेली नावे देऊन बोलभाषेला मान मिळवून दिला. त्यांच्या नंतरच्या काही नावांविषयी या नियतकालिकात न लिहिलेलेच बरे. लातूरच्या रितेश देशमुख यांची प्रमुख भूमिका असलेला ‘लय भारी’ २०१४ साली आला. प्रमाण मराठी शिकविणाऱ्या शिक्षकाने वहीत तांबडी रेघ ओढावी असे ते दोन शब्द महाराष्ट्रभर फलकांवर लागले आणि आमच्याकडील मुलांना त्यांचा अर्थ कोणाला विचारावा लागला नाही.

दोनच वर्षांनी लातूरला आणखी एक नाव मिळाले. ते चित्रपटाचे नव्हते. एप्रिल २०१६ मध्ये पाण्यावाचून तडफडणाऱ्या या शहराकडे मिरजेहून रेल्वेगाडीने पाणी निघाले. पहिल्या गाडीला दहा टाक्या, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर पाणी. गाडीचे नाव ‘जलदूत’. कालिदासाच्या ‘मेघदूता’वरून ते सुचले असावे. मेघ आलेच नाहीत म्हणून रुळांवरून दूत धाडावा लागला. आपल्या कानांना दूत म्हटले की देवदूत आठवतो, निरोप आठवतो. या दूताने निरोपाऐवजी टाक्या आणल्या आणि लोकांनी तेवढ्यावर त्याला ओवाळले. नाव सुंदर होते, यात शंका नाही. हंडा घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या बाईला ते सुंदर वाटले असेल का, हे मी सांगू शकत नाही.

१८ ऑक्टोबर २०२४ रोजी आदिनाथ कोठारे यांनी दिग्दर्शित केलेला एक चित्रपट प्रदर्शित झाला. त्याची कथा नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यातील नागदरवाडी या गावची. गावात पाणी नाही म्हणून तेथील तरुणाला मुलगी देण्यास कोणी तयार नाही. आणि तो पाणी आणण्याच्या मागे लागतो. पर्यावरणविषयक राष्ट्रीय पुरस्कार या चित्रपटाला प्रदर्शनापूर्वीच, २०१९ साली, जाहीर झाला होता. त्याला जलदूतासारखे संस्कृत नाव देता आले असते, म्हणही शोधता आली असती. निर्मात्यांनी तसे काही केले नाही. फलकावर एकच शब्द होता : ‘पाणी’. तेलुगू-कन्नडच्या शेजारीही तो कळतो, उर्दूत तो जवळजवळ तसाच आहे, आणि नागदरवाडीच्या विहिरीवर उभ्या असलेल्या बाईला तो वाचताही यावा लागत नाही.