हातांनी शिकणारी शाळा : पाबळच्या प्रयोगाचा इतिहास

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पाबळ हे गाव जैन समाजास अपरिचित नाही. श्री पद्ममणी तीर्थाच्या दर्शनार्थ पुण्या-मुंबईकडील भाविक तेथे नित्य जात असतात. इतिहासाची आवड असणारे प्रवासी मस्तानीच्या समाधीपाशीही क्षणभर थांबतात. या दोन स्थळांच्या मानाने गावालगतच्या माळावरील घुमटाकार इमारतींकडे वळणारी पावले मात्र थोडी असतात. ‘विज्ञान आश्रम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या इमारतींमधून आणि गावातील श्री भैरवनाथ विद्यामंदिर या हायस्कूलमधून गेल्या शतकाच्या उत्तरार्धात एक शैक्षणिक प्रयोग उभा राहिला. लहान गावातील शाळेने मुलांच्या हाती पुस्तकाबरोबर पान्हा, करवत, मोजपट्टी आणि हिशेबाची वही दिली तर काय घडते, याचे उत्तर शोधणारा तो प्रयोग होय. त्याचा इतिहास समजून घेण्यासाठी प्रथम थोडे मागे जावे लागते.

पूर्वसूरींचे प्रयत्न

श्रमातून शिक्षण ही कल्पना महाराष्ट्रास नवी नव्हती. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे एका जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ती प्रत्यक्षात आणून दाखविली होती. स्वतः भाऊरावांचे औपचारिक शिक्षण बेताचेच झाले होते. ऐन उमेदीच्या काळात त्यांनी किर्लोस्करांचे नांगर खेडोपाडी फिरून विकले. शेतकऱ्याचे घर, त्याचे दैन्य आणि त्याच्या मुलांची शिक्षणाची भूक त्यांनी या भ्रमंतीत जवळून पाहिली. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली आणि १९२४ साली संस्था साताऱ्यास आली. तेथील वसतिगृहात निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एकत्र राहत, स्वयंपाक करीत, शेतात राबत आणि शिकत. प्रसंगी वसतिगृहातील मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी आपले सौभाग्यलेणेही दिले. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे वाक्य या संस्थेने बोधचिन्हावर मिरविण्यापूर्वी आचरणात आणले होते. मात्र येथील श्रमाचे मुख्य प्रयोजन गरिबाच्या मुलाला शिक्षण परवडावे हे होते. मुलगा सकाळी शेतात खपे तो दुपारी वर्गात बसता यावे म्हणून. वर्गातील पुस्तक बहुतांशी नेहमीचेच राहिले.

वर्गातील पुस्तकच बदलावे, हा विचार ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत पुढे आला. एखाद्या उत्पादक हस्तव्यवसायाच्या आधारे सर्व विषय मातृभाषेतून शिकवावेत आणि त्या उत्पादनातून शाळेचा खर्चही निघावा, अशी महात्मा गांधींची मांडणी होती. डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिला अभ्यासक्रमाचे रूप दिले आणि ‘नई तालीम’ जन्मास आली. सेवाग्राम येथे आर्यनायकम दांपत्याने ती निष्ठेने चालविली. तथापि, शाळेच्या खर्चाचा भार मुलांच्या कष्टांवर पडून शिक्षण मागे पडेल, ही शंका त्या परिषदेतही व्यक्त झाली होती. शिवाय शाळेत तयार होणारे सूत घेणार कोण, हा प्रश्न होताच. पालकांच्या मनात तर त्याहून साधा विचार होता. आपला मुलगा शाळेत जाऊन सूतच कातणार असेल आणि साहेबाचा मुलगा इंग्रजी शिकणार असेल, तर हे शिक्षण दुय्यम दर्जाचे आहे, असे त्यांना वाटे. तो समज दूर करणे कोणासही साधले नाही.

स्वातंत्र्यानंतर कोठारी आयोगाने (१९६४-६६) ‘कार्यानुभव’ सुचविला. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ हे नाव दिले. वेळापत्रकात तासिका आली. पण साधने, साहित्य आणि जाणकार शिक्षक त्याच वेगाने आले नाहीत. अनेक शाळांत कार्यानुभव म्हणजे खडू, मेणबत्त्या, कागदी फुले आणि वर्षाअखेरचे छोटेसे प्रदर्शन एवढाच अर्थ उरला. परीक्षा जवळ आली की ती तासिका गणिताला किंवा इंग्रजीला दिली जाई आणि कोणाचीही तक्रार येत नसे. ज्या विषयाच्या अनुपस्थितीची तक्रार कोणी करीत नाही, तो विषय शाळेत खऱ्या अर्थाने आलेलाच नसतो.

डॉ. कलबाग पाबळला येतात

या पार्श्वभूमीवर १९८३ साली डॉ. श्रीनाथ शेषगिरी कलबाग हे वैज्ञानिक पाबळला आले. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट, म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील अनुभव आणि मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातील वरिष्ठ पद, असा त्यांचा पूर्वेतिहास होता. पन्नाशी उलटल्यावर, निवृत्तीचे सुख समोर दिसत असताना, मुदतीपूर्वीच नोकरी सोडून ते पत्नी मीराताईंसह या अवर्षणप्रवण गावी राहावयास आले. पुण्याच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनचे छत्र त्यांना लाभले. या संस्थेचे संस्थापक जे. पी. नाईक हे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. कागदावर राहिलेल्या ‘कार्यानुभवा’चे सूत्र अशा रीतीने त्याच घराण्यातून पाबळच्या माळावर पोहोचले, असे म्हणता येईल.

डॉ. कलबागांचा मूळ विचार सरळ होता. शाळेत जाण्यापूर्वी मूल चालणे, बोलणे, वस्तू हाताळणे हे सारे प्रत्यक्ष करूनच शिकते. ही निसर्गाने दिलेली शिकण्याची रीत शाळा मोडून काढते आणि नंतर नापासांच्या यादीत त्याच मुलांची नावे लावते. म्हणून शाळा सोडलेला मुलगा मंद आहे असे मानण्यापूर्वी शिकविण्याची रीत तपासावी, असे त्यांचे म्हणणे होते. आश्रमात त्यांनी आठवीपर्यंत शिकलेल्या मुलांसाठी एक वर्षाचा निवासी ग्रामीण तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम सुरू केला. मुले आपल्या हातांनी लोखंडी अँगल कापून, छिद्रे पाडून, त्रिकोण जोडून घुमट उभारू लागली. कमी साहित्यात उभी राहणारी आणि भूकंपातही टिकाव धरणारी ही रचना ‘पाबळ डोम’ म्हणून ओळखली गेली. गावात पाण्याची टंचाई होती. तेव्हा जमिनीची विद्युत्‌रोधकता मोजून भूगर्भातील पाण्याचा अंदाज घेण्याचे तंत्रही मुलांना शिकविण्यात आले. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातील ‘रोध’ हा शब्द या मुलांना विहिरीच्या जागेपाशी भेटला.

आठवड्यातील एक दिवस

आश्रमातील यशानंतर पुढचा प्रश्न स्वाभाविक होता. शाळा सोडलेल्या मुलासाठी हे चालते, तर शाळेत असलेल्या मुलासाठी का नको? १९८७ साली श्री भैरवनाथ विद्यामंदिरात ‘मूलभूत तंत्रज्ञान ओळख’ हा विषय सुरू झाला. आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनी आठवड्यातील एक दिवस या कामासाठी द्यावयाचा, अशी योजना होती. पुढे राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने पूर्व-व्यावसायिक विषय म्हणून त्यास मान्यता दिली.

विषयाचे चार विभाग होते : अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, गृह व आरोग्य आणि शेती व पशुपालन. चारही विभाग मुलामुलींनी समान करावयाचे, हा दंडक होता. त्यामुळे मुली वेल्डिंगचा मुखवटा धरून लोखंड जोडू लागल्या आणि मुलगे चिक्की व जॅम तयार करून शिलाई मशीनवर बसू लागले. घरातील वीजजोडणी, नळजोडणी, फेरोसिमेंटचे काम, मातीपरीक्षण, रोपवाटिका व कलमे, जमिनीची मोजणी अशी कामे वेळापत्रकात आली.

यातील एक-दोन कामांचा तपशील पाहिला की पुस्तकाशी असलेला सांधा स्पष्ट होतो. जनावराचे वजन काट्याविना काढण्याचा पाठ घ्या. शिंप्याच्या मोजपट्टीने गाईच्या छातीचा घेर आणि शरीराची लांबी मोजावयाची. घेराचा वर्ग करून त्यास लांबीने गुणावयाचे आणि ठरावीक अंकाने भागावयाचे. उत्तर किलोमध्ये येते आणि त्यावरून जनावराला रोज किती चारा द्यावा हे ठरते. वर्ग, गुणाकार आणि घनफळाची कल्पना या एका मोजणीत सामावते. आणि उत्तर चुकले तर गोठ्यातील गाय उपाशी राहते, हेही मुलाच्या ध्यानात राहते. दुसरे उदाहरण रक्तपरीक्षणाचे. रक्तगट ओळखणे आणि हिमोग्लोबिन मोजणे हे गृह व आरोग्य विभागातील पाठ होत. ज्या मुलीला वर्गात सतत थकवा जाणवे, तिला तो स्वभावदोष नसून रक्तातील उणीव आहे, हे स्वतः केलेल्या चाचणीतून कळू शकले. पालेभाजी, गूळ, शेंगदाणे यांविषयीचा धडा मग पाठ करण्यापुरता राहत नाही.

गिऱ्हाईक हाच परीक्षक

या प्रयोगाचे खरे वैशिष्ट्य मात्र याहून निराळे आहे, आणि व्यापारउदिमाशी संबंध असणाऱ्या वाचकांस ते चटकन उमजेल. पूर्वीच्या योजनांत मुलाने केलेली वस्तू शिक्षक पाही, शेरा देई आणि वस्तू कपाटात जाई. पाबळच्या योजनेत शाळेने गावाची कामे घ्यावयाची होती. शेतकऱ्याचे फाटक, शाळेचे बाक, घरातील वीजजोडणी, रोपवाटिकेतील रोपे, माती अथवा पाण्याची तपासणी, अशा सेवा विद्यार्थ्यांनी निदेशकाच्या देखरेखीखाली द्याव्यात आणि गावकऱ्यांनी त्याचा मोबदला द्यावा, अशी ती रीत होती.

मोबदला आला की हिशेब आला. म्हणूनच प्रत्येक वस्तूचा आराखडा काढणे आणि तिची किंमत काढणे हे या अभ्यासक्रमाचे अंग ठरले. लोखंड किती फूट लागले, तुकडे किती वाया गेले, रंग आणि वेल्डिंगच्या कांड्या किती खर्ची पडल्या, मजुरी किती धरावी, हे लिहिल्याखेरीज काम पूर्ण होत नाही. फाटक नीट लागले नाही तर गावकरी ते परत आणतो. शिक्षक दहापैकी सहा गुण देऊन पुढे जाऊ शकतो. गिऱ्हाईक साठ टक्के बंद होणारे फाटक घेत नाही. माल पुन्हा दुरुस्त करून देताना मुलाला जी शिस्त लागते, ती कोणत्याही शेऱ्याने लागत नाही. कर्मवीरांच्या योजनेत श्रम शिक्षणाचे मोल चुकवीत होते, वर्ध्याच्या योजनेत श्रम शिक्षणाचे माध्यम होते. पाबळने त्यात गावाची गरज आणि गावाची पसंती ही तिसरी कडी जोडली.

शिकविणाराही गावातलाच असे. वेल्डिंग येणारा कारागीर किंवा आश्रमात शिकून बाहेर पडलेला युवक यांना निदेशक म्हणून मानधनावर घेतले जाई. पदवी नसलेल्या माणसास शाळेत ‘सर’ म्हणून हाक मिळाली, ही घटना वरवर लहान, पण परिणामाने मोठी होती. हाताने काम करणारा खालचा आणि लेखणी धरणारा वरचा, ही आपल्या समाजातील जुनी उतरंड त्या एका हाकेने थोडी तरी हलली.

विस्तार आणि उणिवा

पाबळच्या माळावरील कामाची दखल दूरवर घेतली गेली. अमेरिकेतील एमआयटी या ख्यातनाम संस्थेने आपल्या आवाराबाहेर ज्या पहिल्या ‘फॅब लॅब’ उभारल्या, त्यांत २००२ साली पाबळचा समावेश झाला. २००३ साली डॉ. कलबागांचे निधन झाले. परंतु आश्रमाचे कार्य थांबले नाही. ‘लेंड-अ-हँड इंडिया’सारख्या संस्थांच्या सहकार्याने हा विषय महाराष्ट्रातील अनेक माध्यमिक शाळांत पोहोचला. पुढे शासनाच्या कौशल्य शिक्षणाच्या चौकटीत ‘मल्टी स्किल’ या नावाने त्याच चार विभागांचा अभ्यासक्रम आला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासून व्यवसायाची ओळख आणि दप्तराविना दहा दिवस यांची शिफारस केली, तेव्हा पाबळच्या शाळेत हे काम सुरू होऊन तेहतीस वर्षे झाली होती.

तरीही इतिहासलेखनात उणिवा झाकून ठेवणे योग्य नव्हे. मंडळाची मान्यता मिळणे निराळे आणि निदेशकास नियमित वेतन मिळणे निराळे. मानधनाचा भार देणग्या, फी आणि स्थानिक मदत यांवर राहिला. जेथे हा ओघ आटला, तेथे निदेशक गेला आणि यंत्रावर धूळ साचली. जेथे शाळेने गावाची कामे घेणे थांबविले, तेथे विषय पुन्हा प्रात्यक्षिक-वहीपुरता उरण्याचा धोका निर्माण झाला. गुणपत्रिकेतील टक्केवारीच्या चढाओढीत पालकांची जुनी शंकाही पूर्णतः मावळलेली नाही. मूल डॉक्टर-इंजिनियर व्हावे म्हणून शाळेत घातले आणि ते शाळेत विटा रचीत आहे, हे दृश्य अनेकांना आजही रुचत नाही. इंजिनियर होऊ इच्छिणाऱ्या मुलानेच प्रथम वीट रचून पाहावी, हे पटवून देणे हे कोणत्याही शाळेपुढील खरे कार्य आहे.

यंत्रशाळेची खोली बांधून देणारे दाते आपल्या समाजात मुबलक आहेत. खोलीवर नामफलक लागतो आणि उद्‌घाटनही थाटात होते. परंतु पाबळचा इतिहास सांगतो की खोलीपेक्षा निदेशकाचे दरमहाचे मानधन, लोखंड-लाकडाचा चालू खर्च आणि गावातून येणारे काम यांवर असा उपक्रम जगतो किंवा मरतो. एकदा दिलेल्या मोठ्या देणगीपेक्षा दरवर्षी न चुकता येणारी लहान रक्कम आणि शाळेला दिलेली एका फाटकाची मागणी अधिक मोलाची ठरते.

भगवान ऋषभदेवांनी मानवास असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मे शिकविली, असे जैन परंपरा मानते. त्या गणनेत लेखणी आणि नांगर, विद्या आणि शिल्प एकाच पंक्तीत बसले आहेत. मधल्या शतकांत ती पंक्ती मोडली. पद्ममणी तीर्थाच्या दर्शनास जाणाऱ्या भाविकांनी परतीच्या वाटेवर पाबळच्या त्या घुमटांपाशी घटकाभर थांबावे. मोडलेली पंक्ती पुन्हा मांडण्याचा एक प्रामाणिक प्रयत्न तेथे त्यांच्या दृष्टीस पडेल.