खटला मालकावर नाही, गाडीवर!

फौजेत आम्ही जप्त मालाची यादी करून सह्या घ्यायचो. कारण ताबा म्हणजे मालकी नव्हे.

अमेरिकेत दिवाणी जप्तीचा खटला थेट वस्तूवर चालतो. मूळ जुन्या सागरी कायद्यात: मालक समुद्रापार, म्हणून जहाजच आरोपी! 1984 पासून जप्तीचा पैसा तपास यंत्रणांकडेच जाऊ लागला. कुंपणालाच शेताची चटक लागली. 2000 मध्ये केंद्रीय खटल्यांत पुराव्याचा भार सरकारवर आला. 2019 मध्ये इंडियानातली गाडी गाजली: किंमत सुमारे 42,000 डॉलर, गुन्ह्याचा कमाल दंड 10,000. सर्वोच्च न्यायालयाने अवाजवी दंडाची मनाई राज्यांनाही लागू केली.

आपलं कलम 300अ सांगतं, कायद्याच्या अधिकाराशिवाय मालमत्ता हिरावता येत नाही. तो कायदा न्याय्य आहे का, हे मात्र आपणच विचारायचं. जय हिंद.