फिरते पाते आणि कारागिराचा हात : राउटर मेजाच्या सुरक्षिततेचा इतिहास

यंत्रांचा इतिहास लिहिताना शोध आणि शोधक यांची नोंद साक्षेपाने केली जाते. ते यंत्र निर्धोकपणे कसे वापरावे याचे ज्ञान कसे घडत गेले, याची नोंद मात्र क्वचितच आढळते. लाकूडकामातील राउटर मेज हे याचे लहानसे परंतु बोलके उदाहरण होय. मेजाखाली उलटी बसविलेली विजेची मोटर, मेजाच्या छिद्रातून वर आलेले फिरते पाते आणि लाकूड टेकवून सरकविण्यासाठी उभी मार्गपट्टी, एवढाच या साधनाचा पसारा. त्याच्या वापराचे जे नियम कारागिरास शिकविले जातात, त्यांमागील अनुभव पुष्कळसा या मेजाहून जुना आहे. त्या नियमांच्या मुळाशी एकच वाद आहे : अपघात टाळण्याचा भार कारागिराच्या सावधपणावर टाकावयाचा, की साधनाच्या घडणीवर?

या वादाचा आरंभ अठराव्या शतकाच्या अखेरीस शोधावा लागतो. तत्त्वज्ञ जेरेमी बेंथॅम यांचे बंधू सॅम्युएल बेंथॅम यांनी इंग्लंडमध्ये १७९१ व १७९३ साली लाकूडकामाच्या यंत्रांची पेटंटे घेतली. फिरत्या पात्याने लाकूड तासण्याची कल्पना त्यांत विस्ताराने आली आहे. बंदिवानांसारख्या अकुशल माणसांकडून काम करवून घेता यावे, हा या यंत्रांमागील एक उद्देश होता. पुढे मार्क इझम्बार्ड ब्रुनेल यांच्या आराखड्यांवरून हेन्री मॉड्सले यांनी पोर्ट्‌स्मथच्या गोदीसाठी जहाजांच्या कप्प्या बनविण्याची यंत्रमालिका तयार केली. १८०८ च्या सुमारास ती पूर्णत्वास गेली, तेव्हा सुमारे ११० कुशल कारागिरांचे काम १० अकुशल मजूर करू लागले, असे सांगितले जाते. कौशल्य हातातून यंत्रात गेले. परंतु हाताच्या कौशल्याबरोबर धोक्याची जी जाण येत असे, ती यंत्रात कशी घालावयाची, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

एकोणिसाव्या शतकात उभ्या आसाचे यंत्र, म्हणजे स्पिंडल मोल्डर, प्रचारात आले. खिडक्या-दारांच्या चौकटींना गोलाई, खाच वा नक्षीची कड देण्यासाठी पूर्वी निरनिराळे रंधे लागत. आता आसावरचे पाते बदलले की काम भागू लागले. राउटर मेजाचा हा प्रत्यक्ष पूर्वज होय. करवतीचे दाते डोळ्यांना भय घालतात. वेगाने फिरणारे लहान पाते मात्र धूसर दिसते आणि पाहणारास निरुपद्रवी भासते. शिवाय ज्या हाताने लाकूड पुढे सारावयाचे, तोच हात पात्याच्या दिशेने जात असतो. लाकडातील गाठ लागून तुकडा उसळला, तर हात पात्यावर जाण्यास क्षणाचाही अवधी लागत नाही.

ब्रिटनमध्ये लाकूडकाम-यंत्रांविषयीचे खास नियम १९२२ साली झाले, आणि त्यांतील एक भेद इतिहासकाराने लक्षात घेण्याजोगा आहे. हाताने लाकूड सरकवून रंधावयाच्या यंत्रास चौकोनी ठोकळ्याऐवजी वाटोळा ठोकळा असलाच पाहिजे, असे या नियमांनी ठरविले. चौकोनी ठोकळ्याच्या धारेपुढे खोल पोकळी राहते व तीत बोट ओढले जाते. वाटोळ्या ठोकळ्यातून पाते अगदी थोडे बाहेर डोकावते, त्यामुळे जखम झाली तरी तिच्या खोलीस मर्यादा पडते. म्हणजे येथे कायद्याने पात्याची घडणच बदलली. उभ्या आसाच्या यंत्राबाबत मात्र कामाचे स्वरूप लक्षात घेऊन शक्य तितके परिणामकारक आच्छादन असावे, एवढ्यावरच समाधान मानले गेले. काम प्रत्येक वेळी निराळे, म्हणून आच्छादनही निराळे. आणि निर्णय अखेर यंत्राशेजारी उभ्या असलेल्या माणसाचा. भारतात १९४८ च्या कारखाना अधिनियमाने यंत्रांस कुंपण घालणे बंधनकारक केले, आणि महाराष्ट्र कारखाने नियम, १९६३ यांतील लाकूडकाम-यंत्रांविषयीच्या तरतुदींत ब्रिटिश नियमांचीच छाया दिसते.

राउटर हे हत्यार यानंतरच्या पिढीचे. अमेरिकेत आर. एल. कार्टर यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास विजेवर चालणारे हातात धरावयाचे असे यंत्र बाजारात आणले. १९२९ मध्ये त्यांचा व्यवसाय स्टॅनले कंपनीकडे गेला. हे यंत्र मेजाखाली उलटे बसविताच उभ्या आसाचे यंत्र लहान कारखान्याच्या आटोक्यात आले आणि त्याबरोबर त्याचे जुने धोकेही आले.

राउटर मेजाचे नियम या दृष्टीने पाहिले म्हणजे त्यांतील कारणमीमांसा उलगडते. वरून पाहिले असता पाते घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते. म्हणून मार्गपट्टीला टेकलेले लाकूड उजवीकडून डावीकडे, पात्याच्या रोखाविरुद्ध सारावयाचे. दिशा चुकली तर पाते लाकूड ओढून घेते आणि त्यामागून हातही जातो. पाते व मार्गपट्टी यांच्यामध्ये लाकूड कोंडले गेले तरी हाच परिणाम होतो. वेगाचे गणितही असेच आहे. मिनिटास २४,००० फेऱ्या घेणाऱ्या १२ मिलिमीटर व्यासाच्या पात्याची धार सेकंदास सुमारे १५ मीटर धावते. त्याच फेऱ्यांवर ५० मिलिमीटरचे पाते सुमारे ६३ मीटर धावते. यास्तव मोठ्या पात्यास कमी फेऱ्या द्यावयाच्या. खोल खाच एकदम न घेता थोडी थोडी घ्यावयाची, लहान तुकडा बोटांनी न धरता ढकलकाठीने सारावयाचा, आणि कंगव्यासारखे दाते पाडलेल्या दाबपट्टीने लाकूड मार्गपट्टीशी धरून ठेवावयाचे. मार्गपट्टीचा आधार न घेता वक्र कड काढताना लाकूड प्रथम मेजावरील खुंटीला टेकवून मगच पात्याला भिडवावयाचे.

देखभाल हा सुरक्षिततेचाच भाग होय. पाते बदलण्यापूर्वी वीज तोडावयाची. पात्याचा दांडा धरणारे कोलेट भुसा व राळ यांपासून स्वच्छ ठेवावयाचे. दांडा तळाशी टेकवून न ठेवता किंचित वर घेऊन आवळावयाचा, कारण तळाला टेकलेला दांडा पुरेसा घट्ट धरला न जाण्याचा संभव असतो. बोथट पाते अधिक जोर मागते, आणि जोराने रेटलेला हातच घसरतो.

दुसरा धोका दिसावयास पुष्कळ काळ लागला. इंग्लंडमधील हाय विकम या खुर्च्या-मेजांच्या धंद्यासाठी प्रसिद्ध असलेल्या गावी फर्निचर-कामगारांत नाकाचा एक दुर्मिळ कर्करोग वारंवार आढळतो, हे १९६० नंतरच्या दशकात वैद्यांनी प्रसिद्ध केले. १९९५ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीची गणना निश्चित कर्करोगकारक द्रव्यांत केली. तेव्हापासून मेजाखालील धूळ शोषून घेणारी नळी ही केवळ स्वच्छतेची बाब राहिलेली नाही.

उभ्या आसाच्या पात्याचा प्रश्न १९२२ नंतर दीर्घकाळ तसाच राहिला. ब्रिटनमध्ये १९७४ साली नवे नियम आले, आणि १९९८ च्या कार्यसाधनविषयक नियमांनंतर हाताने लाकूड सारावयाच्या यंत्रांसाठी मर्यादित ढलपी काढणाऱ्या पात्यांचा आग्रह धरण्यात आला. अशा पात्याची धार ठोकळ्याबाहेर १.१ मिलिमीटरपेक्षा अधिक येत नाही. रंध्याच्या यंत्राबाबत जे तत्त्व १९२२ सालीच मान्य झाले होते, ते येथे पोहोचण्यास सुमारे पाऊण शतक लागले.

या विलंबाचे एक कारण स्पष्ट आहे. आच्छादन काढून ठेवल्याचा दोष कामगारावर टाकता येतो. पात्याच्या घडणीचा दोष टाकता येत नाही. भारतात हा प्रश्न आणखी बिकट झाला. १९४८ चा अधिनियम यंत्रशक्ती वापरणाऱ्या जागी सामान्यतः दहा कामगार असल्याशिवाय लागू होत नसे, आणि राउटर मेजाचे स्थान मुख्यतः त्याहून लहान कारखान्यांत असते. जेथे निरीक्षक पोहोचत नाही, तेथे साधनाची घडण हाच कारागिराचा खरा संरक्षक ठरतो. सावधपणा शिकविणे आवश्यक आहेच. परंतु दिवसभराच्या श्रमानंतर थकलेला हात चुकणारच, हे गृहीत धरून जे साधन घडविले जाते, तेच सुरक्षित म्हणावयाचे, असा या इतिहासाचा निष्कर्ष आहे.